नाना वाट द्यायचे

नाना गाडी चालवतात कमी आणि थांबवतात जास्त, असं आमच्या दुकानातली पोरं म्हणायची. खोटं नव्हतं ते. मागून कुणी जवळ आलं की नानांची नजर आधी आरशात जायची, मग रस्त्याच्या डाव्या कडेला. मुरूम घट्ट आहे, खड्डा नाही, माणूस बसलेलं नाही असं बघून ते डावा सिग्नल द्यायचे, गाडी अलगद डांबरावरून खाली उतरवायचे आणि उभी करायचे. मागची गाडी धूळ उडवत निघून जायची. मग पुन्हा आरसा, पुन्हा सिग्नल, पुन्हा पहिला गियर. आत बसलेल्यांपैकी कुणीतरी उसासा टाकायचं. "नानांच्या गाडीत रांगतं पोर घेऊन बसावं, उतरताना ते चालत घरात जातं," असं आमच्या दुकानाच्या मालकांच्या, आण्णांच्या बायकोचं म्हणणं. नाना हसायचे. "चालत जातंय न्हवं वैनी? मग झालं की."

पण एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. खिडकीतून हात बाहेर काढून मागच्याला 'जा पुढं' अशी खूण केली नाही. आपल्याकडच्या रस्त्यावर ही खूण म्हणजे रीत आहे. ट्रकवाला, टँकरवाला, उसाचा ट्रॅक्टरवाला हात हलवून सांगतो, समोर मोकळं आहे, ये. मागचा पुढं जाताना एक हॉर्न वाजवून आभार मानतो. ज्यानं हात दाखवला नाही तो आखडू. नानांना कैकजण जाताना आखडू समजूनच जात असतील. मी एकदा विचारलं, "आवं नाना, नुसता हात दाखवला तर सारखं थांबायला नको." ते म्हणाले, "माझ्या डोळ्यानं त्येनं कशाला बगायचं रं? त्येला द्येवानं दोन दिल्यात की."

मी आटपाडी तालुक्यातला. नववीत शाळा सोडली आणि गावातल्या निम्म्या पोरांसारखा गलाईच्या कामाला दक्षिणेत आलो. गलाई म्हणजे सराफांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. आमच्या कोरड्या भागातली माणसं या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. मी तमिळ मुलखात आहे. अजून इथली भाषा मला भाजी आणण्यापुरतीच येते. दुकानाचे मालक आण्णा आमच्याच गावचे, आणि सुबराव नाना त्यांच्या गाडीवर चालक. नाना आमच्या गावचे नव्हेत. ते साताऱ्याकडचे, वडूजच्या पलीकडच्या एका वाडीचे. फौजेत डोंगरातल्या रस्त्यांवर गाड्या चालवून पेन्शनीत आलेले. ठेंगणे होते. बॉनेटची कड दिसावी म्हणून बुडाखाली घोंगडीची घडी घेऊन बसायचे. सकाळी गाडीला हात लावला की आधी आरसा पुसायचे आणि मग देवाच्या फोटोला हात जोडायचे. "आधी आरसा, मग द्येव. द्येव रागवत न्हाई," म्हणायचे.

माझा स्वभाव काळजीखोर. घरून अवेळी फोन आला की उचलायच्या आधीच हात गार पडतात. परमुलखात माझ्यासारख्या माणसाला कुणीतरी शांत माणूस लागतो, तो मला नानांत सापडला. माझ्या हाताला भट्टीशिवाय दुसरं काम लागावं म्हणून गाडी शिकवण्याचं त्यांनीच मनावर घेतलं. पहिल्या दिवशी गाडीला शिवूच दिलं नाही. गावाबाहेरच्या नाक्यावर एका दगडावर बसवलं आणि म्हणाले, "आज नुसतं बग. कोन घाईत हाय ते बग." सकाळभर बसलो. गाड्या एकमेकींच्या अंगावर जात, हॉर्न मारत, नाकं घुसवत होत्या. दुपारी नाना मला पुढच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. नाक्यावर सगळ्यांत जास्त बोंब मारलेला माणूस तिथं बाकड्यावर पाय पसरून मोबाईल बघत बसला होता. नाना त्याच्या शेजारी बसले, दोन चहा सांगितले आणि माझ्याकडं बघून नुसतं डोळे मिचकावले.

शिकवताना त्यांनी मला कधी शिवी दिली नाही. मी ब्रेक जोरात दाबला की म्हणायचे, "ब्रेक दाबाया लागला म्हंजी उशिरा दिसलं." हॉर्नवर हात गेला की म्हणायचे, "हॉर्न म्हंजी शिवी न्हवं गड्या. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपुन खाकरतो न्हवं का, तेवढंच." रस्त्यावरच्या माणसांना ते घरातल्यासारखं वागवायचे. पोरं घेतलेली बाई रस्त्याकडेला दिसली तर दुरूनच पाय उचलायचे. मेंढरं आडवी आली तर इंजिन बंद करून मेंढक्याशी पावसापाण्याचं बोलायचे. दुकानातली पोरं मागून चिडवायची, "नाना, ती बगा, म्हातारी आपल्याम्होरं गेली. चालत!" नाना म्हणायचे, "जाऊ द्या की. तिला बाजार गाठायचा आसंल. तुमाला काय गाठायचंय?"

आम्हाला काय गाठायचं असायचं, ते आता सांगतो, कारण सगळं त्यातूनच झालं.

चैत्रात आमच्या गावची जत्रा असते. देशभरातले गलाईवाले त्या दिवशी गावाला येतातच. आता सगळ्यांकडं गाड्या आहेत. तमिळनाडूच्या, केरळच्या, उत्तरेकडच्या नंबरांच्या गाड्या वेशीत लागतात, आणि त्यांच्याकडं बघून गावाला कळतं कुणाचं बरं चाललंय. कुणी सुरू केलं माहीत नाही, पण पालखी उठायच्या आधी परमुलखातून पोचलेल्या पहिल्या गाडीच्या बॉनेटवर गुलाल टाकायची रीत पडली. गाडी हलगीच्या तालावर वेशीतून आत आणायची, चालवणाऱ्याला खांद्यावर घ्यायचं. त्याचे व्हिडिओ वर्षभर सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतात. मग शर्यत लागली. मोबाईलवर 'जत्रा' नावाचा ग्रुप झाला. निघताना प्रत्येकजण आपलं ठिकाण त्यावर सुरू ठेवतो आणि नकाशावर सगळ्यांचे ठिपके गावाकडं सरकताना दिसतात. कुणी झोपत नाही, कुणी थांबत नाही. बायकापोरं मागच्या सीटवर.

नाना या शर्यतीत नव्हते. ते सगळ्यांच्या एक दिवस आधी निघायचे, उजेडात चालवायचे, होस्पेटच्या अलीकडं मुक्काम करायचे आणि तरीही शेवटचे पोचायचे. विजापूर सोडून जतच्या पुढं आलं की आमच्या गावाकडं जाणारा रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंच्या कडा खचलेल्या, दोन्हीकडं बाभळी, उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची ये-जा. त्या टप्प्यात मागच्या गाड्या एकेक करून आम्हाला गाठायच्या. नाना प्रत्येकाला वाट द्यायचे. पोरं काचा खाली करून ओरडत जायची, "या नाना सावकाश, प्रसाद ठेवतो!"

एके वर्षी सगळ्यांत आधी दिलीपनं गाठलं. दिलीप माझ्या वर्गातला. आम्ही दोघं एकाच बाकावरून शाळेतून उठलो होतो. नवी पांढरी गाडी, शेजारी त्याचा मेहुणा. नानांनी नेहमीप्रमाणे डावा सिग्नल दिला, मुरमावर उतरून गाडी थांबवली. दिलीप शेजारून जाताना हळू झाला, मला बघून हसला आणि म्हणाला, "बाळ्या, बस अजून झोपा काढत!" आणि गेला. माझ्या हातात मोबाईल होता. त्याचा ठिपका सरसर पुढं सरकला आणि थोड्या वेळानं थांबला.

ग्रुपवर मागून येणाऱ्यांची मस्करी सुरू झाली. 'दिल्या चहाला बसला.' 'दिल्याची टाकी रिकामी.' 'दिल्या, ऊठ, गुलाल सुकला.' मी हसत हसत ते मोठ्यानं वाचून दाखवत होतो. नानांनी विचारलं, "कुटं थांबलाय?"

मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी नकाशाकडं एकदा बघितलं.

"तिथं चहाचं दुकान न्हाई," ते म्हणाले.

मी मस्करी वाचायचं थांबलो. नानांनी वेग वाढवला नाही. मला वाटत होतं, आता तरी पळवा. पण काटा होता तिथंच राहिला आणि रस्ता संपता संपेना. वळणाआधी बऱ्याच अंतरावर त्यांनी गाडी थांबवली, चारी दिवे उघडझाप करत लावले, आणि मला त्यांचा लाल रुमाल देऊन मागं पळवलं. "लांब जा. आजून लांब. मागून येतील ती पोरं घाईत हायत." मी रुमाल हलवत उभा होतो, मागच्या गाड्या थांबल्यावरच पुढं गेलो, म्हणून वळणापलीकडचं मला सगळं दिसलं नाही. जे दिसलं ते पुरे आहे. पांढरी गाडी, आणि समोरून आलेली एसटी. दिलीप जागेवरच गेला होता. मेहुणा वाचला. एसटीतल्या बायका खाली उतरून तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

रस्त्याच्या कडेला एका टँकरचा चालक बसला होता. दिलीप त्याच्या मागं होता. दिलीपनं हॉर्न दिला आणि यानं बिचाऱ्यानं रीतीप्रमाणे खिडकीतून हात काढून 'जा' म्हटलं होतं. तो ज्याला त्याला एवढंच सांगत होता, "मी हात दावला वो. मला मोकळं दिसलं, मी हात दावला." त्याचा उजवा हात त्यानं डाव्या हातात घट्ट धरून ठेवला होता, जसा दुसऱ्या कुणाचा हात पकडून ठेवावा. नाना त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याला पाणी पाजलं. "तू माणुसकी केलीस रं," एवढं ते म्हणाल्याचं मी ऐकलं. थोड्या वेळानं हळूच स्वतःशी म्हणाले, "आनि मी वाट दिली."

त्या वर्षी गुलाल उधळला नाही. पालखी मुक्यानं फिरली. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण आमच्या लोकांनी पुढच्या वर्षी काय केलं असेल? वेशीत दिलीपचा हात जोडलेला मोठा फोटो लावला आणि ठरवलं, पहिल्या गाडीचा गुलाल आता दिलीपच्या नावानं. खाली मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याच्याच शेजारी 'पहिल्या गाडीचे स्वागत'. पूर्वी नुसती हौस होती, आता मान झाला. पोरं म्हणू लागली, दिल्यासाठी पळवायची.

तो फलक लागायच्या आधी, गावात जत्रेची बैठक होती तेव्हा आण्णांच्या कामासाठी नाना आणि मी गावाकडंच होतो. नाना बैठकीला आले. मागं उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "मी बाहिरचा मानूस. एक सांगू का? गुलाल टाका, न्हाई कोन म्हनतंय. पन समद्या गाड्या आल्याबिगर पालखी उचलू नका. शेवटची गाडी वेशीत आली की उचला. मंग कोन कशाला पळंल?"

पुढं बसलेल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, पटलं. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ संभा बोलला. संभाही गलाईत आहे, माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर स्वतःचं दुकान टाकलंय त्यानं. धाडसी आहे, मनानं चांगला आहे, माझ्या वाटणीचं धाडसही बहुतेक त्यालाच मिळालं. तो म्हणाला, "नाना, शेवटची गाडी कायम तुमची. तुमची वाट बघत द्येवाला उन्हात ताटकळत ठिवायचं व्हय?"

बैठक खदखदून हसली. नाना म्हणाले, "द्येवाला घाई हाय आसं मला तर कवा कोन सांगितलं न्हाई." पण ते हशात बुडून गेलं. कुणीतरी म्हणालं, "नाना, तुमी वडूजचं. तुमच्या जत्रंत उचला शेवटी." नानांनी टोपी घातली आणि बाहेर पडले. जाताना मला विचारलं, "ह्या वर्साला संभा स्वतः गाडी आननार?" मी म्हटलं, "होय, त्याची स्वतःची. रेखा आणि बाळ पण असणार." रेखा ही संभाची बायको. त्यांचं बाळ तेव्हा वर्षाचंही नव्हतं.

जत्रेला आम्ही नेहमीप्रमाणे आधी निघालो. मी पुढं बसलो होतो, मागं आण्णांची बायको आणि मुली. आण्णा कामासाठी आधीच गावी गेलेले. दुसऱ्या दिवशी जत मागं पडलं तेव्हा उन्हाचा चटका वाढला होता. बाभळीच्या शेंगा वाळून रस्त्यावर पडल्या होत्या. नाना दर थोड्या वेळानं विचारत, "संभा कुटं हाय?" मी ठिपका बघून सांगायचो. विजापूर सोडलं. जत सोडलं. सगळ्यांच्या पुढं तोच होता, मागं पाच-सहा ठिपके त्याला चिकटून. मी सांगत होतो आणि माझाच आवाज मला बारीक होत गेलेला ऐकू येत होता.

मग आरशात दिवे दिसले. भर उन्हात लावलेले, उघडझाप करणारे. हॉर्न आला. मी सवयीनं डावीकडं बघितलं. मुरूम घट्ट होता, जागा होती. नानांनी सिग्नल दिला नाही.

"नाना, संभा आलाय," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

त्यांनी गाडी रस्त्याच्या मधोमध घेतली.

नाना असं करतील हे मला खरंच वाटलं नव्हतं. ज्या माणसानं सगळ्या जगाला वाट दिली तो मधोमध चालला होता, बैलगाडीच्या चालीनं. समोरून वाहन आलं की डावीकडं सरायचे, त्याला वाट द्यायचे, ते गेलं की पुन्हा मध्ये. मागं हॉर्नचा कालवा सुरू झाला. संभा डावीकडून नाक घालायला बघे, उजवीकडून बघे. मागच्या गाड्या येऊन लागत होत्या. आण्णांची बायको म्हणाली, "आवं नाना, असं काय करताय? द्या की वाट!" मुली रडायला लागल्या. माझ्या मोबाईलवर संभाचा फोन वाजत होता आणि मी उचलत नव्हतो. आरशात मला रेखा दिसत होती, बाळाला छातीशी धरून, एक हात समोर टेकवलेला.

नानांच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्याखाली जात होता. त्यांनी तो पुसला नाही. दिलीपचं वळण आलं. त्या वळणावर नाना इतके हळू झाले, की मागची गाडी आम्हाला चिकटली. मला खात्री होती, पलीकडं काहीतरी आहे. एसटी, टँकर, मेंढरं, काहीतरी.

वळण संपलं. पलीकडं काहीही नव्हतं. गावापर्यंत सरळ, मोकळा, रिकामा रस्ता.

तरीही नानांनी वाट दिली नाही. सगळ्या गाड्यांची एक रांग वेशीपर्यंत आली. वेशीतल्या पोरांना दुरून नुसती पहिली गाडी दिसली. हलगी कडाडली आणि गुलाल धाडकन आमच्या काचेवर येऊन पडला. समोरचं सगळं लाल झालं. नानांनी ब्रेक लावला, गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मागून संभा पळत आला. दार उघडून त्यानं त्यांना कॉलर धरून खाली ओढलं.

"म्हाताऱ्या, रस्ता काय तुझ्या बापाचा हाय? काय व्हतं रं त्या वळणाम्होरं? सांग की समद्यांना! काय व्हतं? मोकळा रस्ता व्हता, मोकळा!"

मी मध्ये पडलो. संभाची मूठ सुटता सुटेना. नानांची टोपी खाली पडली, गुलालात. ते म्हणाले, "व्हय रं बाबा. काय नव्हतं." आणि सगळ्यांकडं बघून हात जोडले. आण्णा वेशीतूनच आले होते. गावासमोर शोभा झाली म्हणून त्यांचं तोंड उतरलं होतं. त्यांनी हात पुढं केला. नानांनी चावी त्यांच्या तळहातावर ठेवली, घोंगडीची घडी काखेत मारली आणि एसटी थांब्याकडं चालू लागले. मी त्यांची पिशवी घेऊन मागं गेलो. थांब्यावर ते एवढंच म्हणाले, "पोरगं झोपलं व्हतं काय रं हॉर्नात? का रडत व्हतं?" मी म्हटलं, "झोपलं होतं." खरं मला माहीत नव्हतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटलो, वडूजला. ते स्टँडच्या पलीकडं एका ओळखीच्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. रस्त्याकडं बघत होते. मी पाया पडलो. म्हटलं, "नाना, तुम्ही आमच्या घरावर उपकार केलेत." ते चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढंच बघितलं.

"आसं बोलू नगंस. मी चुकलो. वाट आडवनं हे चालकाचं काम न्हवं. मागच्या गाडीत कोन दवाखान्याचं आसतं तर? कोन मरनाच्या दारात आसतं तर? मी तेचा इचार केला व्हता आनि तरीबी आडवली. ते बरुबर न्हवं."

"मग पुन्हा वेळ आली तर?" मी विचारलं.

समोरच्या चौकात एक पोरगं मोटारसायकल एका म्हातारीच्या अंगावर घालता घालता वाचलं, हसलं आणि गेलं. नाना उठले, त्या म्हातारीला हात धरून पलीकडं पोचवलं आणि परत येऊन बसले. "चहा घेनार न्हवं?" म्हणाले.

या हिवाळ्यात नाना गेले. झोपेत गेले, असं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं. मी भट्टीपाशी होतो. हातातला चिमटा खाली ठेवला आणि बाहेर येऊन रस्त्याकडं बघत उभा राहिलो. दुसरं काय करावं सुचलं नाही. ग्रुपवर कळवलं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. संभानंही टाकलं. त्याच्याखाली दुपारीच कुणीतरी विचारलं, 'यंदा कधी निघायचं?'

जत्रा आज आहे. गेल्या वर्षी नाना रस्त्यावर नव्हते, शर्यत झाली, सगळे पोचले. संभा पहिला आला. खांद्यावरून त्यानं मला हाक मारली, "बघ दादा, काय झालं का?" काही झालं नव्हतं. त्याला त्यात पुरावा दिसला. मला त्यात नुसतं एक वर्ष दिसलं. परवा फोनवर मी त्याला म्हटलं, "यंदा तुझी गाडी मी चालवतो. तू बाळाला घेऊन मागं आराम कर." तो मनापासून हसला. "दादा, मग जत्रा पुढच्या आमावस्येला ठेवायला सांगू का?" मी रेखाशी बोललो. ती म्हणाली, "भावजी, माझं ऐकत्यात व्हय?" मी गुरवाला फोन केला, शेवटच्या गाडीचं नानांचं म्हणणं पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "बघू, बैठकीत काढू." बैठक कधीच होऊन गेली होती.

म्हणून आण्णांना विचारून दुकानाची गाडी मी घेतली आहे. हे लिहीत बसलोय ते होस्पेटच्या अलीकडच्या मुक्कामात. चहा झाला, आरसा पुसला. ते सगळे काल संध्याकाळी निघालेत, ठिपके माझ्या मागून येताहेत. ऊन चढायच्या सुमारास मी जतच्या पुढच्या अरुंद रस्त्यावर असेन, सगळ्यांच्या पुढं आणि सगळ्यांत हळू. तिथं गेल्यावर मी डावीकडं उतरेन की मधोमध राहीन, मला माहीत नाही. नाना असते तर पुन्हा एकदा विचारलं असतं. चालकाचं काम आधी, की मागून येणारं माझं माणूस आधी, याचा निकाल माझ्यासारख्या नववीतून उठलेल्या माणसानं लावायचा म्हणजे कठीण आहे.

पण ते सगळं नंतरचं. आधी आरशात संभाच्या गाडीचे दिवे दिसू देत.